मांडव कोणासाठी घालायचा?

तुळशीचे लग्न लागले की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मंडपवाल्यांना उसंत राहत नाही. मार्गशीर्षात थोडी, माघ-फाल्गुनात जास्त आणि वैशाखात एकाच तारखेला दहा ठिकाणची, अशी लग्ने आषाढापर्यंत चालू राहतात. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, पण बोलताना तोंडात अजून नगर येते, म्हणून इथे दोन्ही नावे आहेत. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर त्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा, आभाळ वर्षातले आठ महिने मोकळे आणि घरापुढे अंगण नाहीतर वावर. त्यामुळे इथले लग्न पूर्वीपासूनच उघड्यावरचे. आधी ते दारात लागे, मग शाळेच्या पटांगणात गेले आणि आता पुणे, मनमाड, कल्याण, सोलापूर या रस्त्यांच्या कडेला झालेल्या लॉन्सवर लागते.

या साऱ्या पसाऱ्याचे नियोजन आणि सजावट हा आता मोठा धंदा झाला आहे. त्यावर जिल्ह्यातली हजारो हातांची रोजी चालते, त्यापायी घरे कर्जात जातात आणि तो नीट झाला नाही तर माणसांच्या जिवावरही बेतते. त्यामुळे हौसेचा विषय म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही. मला यात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, मांडव घालायचा कोणासाठी? आज त्याचा विचार स्टेजपासून सुरू होतो. तो शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपासून सुरू व्हावा, असे माझे मत आहे.

आधी जुना मांडव पाहू, कारण त्यात पुष्कळ शहाणपण होते. नगर, बीड, पुणे या पट्ट्यात हळदीच्या सुमारास 'मांडवडहाळे' आणण्याची रीत अजून टिकून आहे. बैलगाडी सजवायची, पुढे सनई-हलगी लावायची, शिवारातून आंबा, जांभूळ, उंबर यांच्या डहाळ्या तोडून आणायच्या, मारुतीच्या देवळापाशी गाडी थांबवायची, नारळ फोडायचा आणि मग दारातल्या मेढींवर त्या डहाळ्या अंथरायच्या. आज बऱ्याच ठिकाणी गाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे आणि डहाळ्या चार-पाचच, नावापुरत्या असतात. मूळ रीत मात्र कामाची होती. पानांच्या जाड थरातून ऊन गाळून येई, वारा आरपार जाई, आणि वावटळ आली तरी खाली पडणार त्या डहाळ्याच. त्यांनी कोणाचा कपाळमोक्ष होत नसे. भाऊबंद, शेजारी, बलुतेदार असे सगळे मिळून हा मांडव घालत. त्याचे भाडे नव्हते, फेड होती. आज मी तुझ्या दारात खड्डे खणले, उद्या तू माझ्या दारात खणायचे. या फेडीत जातीची उतरंड होती आणि बलुतेदाराच्या वाट्याला येणारी वागणूक मानाची नव्हती, हेही विसरता कामा नये. जुने सगळे गोमटे होते, असे माझे म्हणणे नाही. सावली मात्र खरी होती.

नियोजनाची गोष्टही नवी नाही. सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न १७८३ मध्ये पुण्यात झाले, त्या वेळी नाना फडणिसांनी करवून घेतलेली याद इतिहासाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. कोणते काम कोणाकडे, पाहुण्यांची बडदास्त कोणी ठेवायची, पंगतीची व्यवस्था कशी असावी, हे सारे त्यात बैजवार लावून दिले आहे. आजचा इव्हेंट मॅनेजर संगणकावर जो तक्ता करतो, तो याच जातीचा. त्या यादीत मला मोलाची वाटते ती एक गोष्ट म्हणजे जबाबदारी माणसागणिक वाटलेली आहे. आजच्या लग्नात स्टेज एकाकडे, जेवण दुसऱ्याकडे, आवाज तिसऱ्याकडे, जागा चौथ्याकडे. अशा वेळी पिण्याचे पाणी संपले तर कोणाला हाक मारायची, हे मुलीच्या बापालाही सांगता येत नाही.

मंडपाचा धंदा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पार बदलला. आधी बांबू, बल्ल्या, सुतळी आणि तागाची कनात होती. पुढे लोखंडी पाइप आणि क्लॅम्प आले, रंगीत साड्यांचे सीलिंग आणि झालरी आल्या. मग ट्रस, पॅगोडा, जर्मन हँगर, एलईडीचा पडदा, वधू-वरांच्या एन्ट्रीसाठी धुराचे यंत्र आणि थंड फटाके आले. बांबूचा मांडव बांधणारा कारागीर बघण्यासारखा असे. खांद्यावर सुतळीचे बंडल, अनवाणी पायाने आडव्या बांबूवर बसलेला, एका हाताने फेरे मारून दुसऱ्याने गाठ आवळणारा. ती गाठ ओढली की घट्ट होई आणि एका झटक्यात सुटेही, कारण दुसऱ्या दिवशी तोच बांबू दुसऱ्या गावी उभा करायचा असे. आज त्याच्या हातात पाना आहे. काम लवकर होते, पण रात्री दोनला एक मांडव उतरवून पहाटे सहापर्यंत तीस किलोमीटरवर दुसरा उभा करायचा, ही धावपळ मात्र वाढली. वैशाखातल्या दाट तारखांना या पोरांना पुरती झोप मिळत नाही आणि उंचावर चढताना कमरेला पट्टा नसतो. सजावटीच्या कौतुकात त्यांचे नाव कोणी घेत नाही.

पैसा कुठे जातो ते पाहा. प्रवेशद्वाराची कमान, स्टेजची मागची भिंत आणि सेल्फीचा कोपरा, या तीन जागांवर. तिन्ही कॅमेऱ्यासाठी आहेत. पाहुणा तीन तास जिथे बसतो, तिथे प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर पांढरे कव्हर आणि डोक्यावर पातळ कापड. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. प्रत्यक्ष अक्षता पडतात दोनला, कारण मध्ये मान्यवरांचे सत्कार आणि शुभाशीर्वाद असतात. नगर हा सहकाराचा जिल्हा. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये लोणीला निघाला. कारखाना, बँक, दूध संघ, पंचायत समिती यांतल्या पुढाऱ्यांशी गावाचा रोजचा संबंध, म्हणून ते लग्नाला येतात. हा जिव्हाळा खोटा नाही. पण पाच पुढाऱ्यांनी दहा-दहा मिनिटे बोलायचे आणि तोवर हातात अक्षता धरून दोन हजार माणसांनी ताटकळायचे, यातून कोणाचा मान राखला जातो, हे यजमानाने एकदा स्वतःला विचारावे. भाषणे अक्षतांनंतर, जेवणे चालू असताना ठेवली तर पुढाऱ्यांनाही त्याचे वाईट वाटणार नाही. काही गावांनी ही रीत पाडली आहे आणि तिथे लग्ने वेळेवर लागतात.

उन्हाची गोष्ट तर जिवाची आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. मंचावर छत होते, समोरचा लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ माणसे गेली. एवढ्या मोठ्या सोहळ्याची तुलना गावच्या लग्नाशी होत नाही हे खरे, पण मांडणी तीच होती. पुढच्याला सावली आणि मागच्याला ऊन. आपल्याकडच्या दुपारच्या लग्नात म्हातारी माणसे कुठे बसतात ते बघा. सोफे पुढाऱ्यांसाठी राखलेले, कूलर त्यांच्याकडे तोंड करून, आणि आजी-आजोबा कनातीच्या कडेला, जिथे तिरपे ऊन आत येते.

सावलीचे थोडे शास्त्र आहे आणि ते अवघड नाही. एका खुर्चीला मधल्या वाटेसह साधारण दहा चौरस फूट जागा धरावी. हजार माणूस बसणार असेल तर दहा हजार चौरस फूट छत हवे. पत्रिका वाटताना हा हिशेब कोणी मांडत नाही आणि निम्मी माणसे झाडाखाली नाहीतर गाड्यांत बसतात. एका कापडाऐवजी दोन कापडे, मध्ये वीतभर जागा ठेवून ताणली, तर खालची गरमी बरीच कमी होते. कारण वरचे कापड तापते आणि मधली हवा ती गरमी खाली येऊ देत नाही. मांडव मध्ये उंच आणि वरच्या बाजूने उघडा ठेवला तर गरम हवा निघून जाते. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून त्या बाजूला कनात हवीच, पण चारही बाजू बंद करून आत जंबो कूलर लावणे ही चूक आहे. कूलर पाण्याच्या वाफेवर थंडावा देतो. ती वाफ बाहेर पडायला वाट नसेल तर आत घुसमट होते आणि पाहुणे घामाने भिजतात. नगरची हवा कोरडी असते, त्यामुळे दोन बाजू उघड्या ठेवल्या तर हाच कूलर छान चालतो. हे सगळे करायला स्टेजच्या मागच्या भिंतीइतकाही खर्च येत नाही. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गोरज मुहूर्त, नाहीतर सकाळी नऊ-साडेनऊचा. वैशाखातले दुपारचे मुहूर्त सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचे भय उन्हाइतकेच. वळिवाच्या आधी जी वावटळ उठते ती कापड फुगवून पाइपांसकट मांडव उचलते. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यात पारस इथे वादळात मोठे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आसऱ्याला थांबलेल्या भाविकांपैकी सात जण दगावले. आपल्या जिल्ह्यात पारनेरच्या मुरमाड जमिनीत खुंटी ठोकताना घाम फुटतो, पण ठोकलेली खुंटी धरून राहते. श्रीरामपूर, नेवासा, कोपरगावच्या काळ्या रानात ती सहज जाते आणि एका पावसात सैल होते. तिथे खुंट्यांवर न विसंबता वाळूची पोती नाहीतर काँक्रीटची वजने बांधायला हवीत. २०२५ चा मे महिना आठवा. ऐन लग्नसराईत राज्यभर पावसाने झोडपले, मोसमी पाऊसही लवकर आला, आणि कित्येकांच्या स्टेजपुढचा गालिचा चिखलात गेला. उघड्यावर कार्य धरले की पावसासाठी दुसरी जागा आधीच ठरलेली असली पाहिजे, मग ती गावातली शाळा असो, सभामंडप असो की शेजाऱ्याचे पोल्ट्रीचे रिकामे शेड.

आगीबद्दल आपण फार निष्काळजी आहोत. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणात मंडी डबवाली इथे लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम चालू असताना कृत्रिम धाग्याच्या शामियान्याने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक मुले, जळून गेली. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ८७५८ हे मानक आहे. कृत्रिम धाग्याचे कापड आणि दोर वापरू नयेत, विजेच्या तारांखाली मंडप घालू नये, छताची उंची पुरेशी असावी, स्वयंपाकाची भट्टी वेगळी आणि दूर असावी, हे त्याचे सार. आपल्याकडचे झुळझुळीत पडदे बहुतेक पॉलिस्टरचे असतात. त्यांच्याच कडेने उघड्या जोडांची वायर जाते आणि पलीकडे आचाऱ्याचे सिलिंडर. मंडपवाल्याशी दर ठरवताना यजमानाने एवढेच विचारावे की बाहेर पडायच्या वाटा किती, आग विझवायचे नळकांडे कुठे आणि जनरेटर कोणत्या बाजूला. विचारणारे गिऱ्हाईक भेटले की धंदा आपोआप सुधारतो.

कायद्याच्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डीजे कोणत्याही वेळी ती पाळू शकत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी वधू-वरांच्या नावांची अक्षरे अजून त्यातूनच कापलेली दिसतात. आणि बालविवाह. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या कुटुंबांत पोरीचे लग्न लवकर उरकण्याची घाई असते, कारण तिला मागे ठेवायचे कोणाच्या भरवशावर, हा आईबापांचा खरा प्रश्न असतो. २००६ च्या कायद्यानुसार असे लग्न लावणारा आणि त्याला उत्तेजन देणारा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीला आणि एक लाखापर्यंत दंडाला पात्र आहे. मंडपवाला, आचारी, बँडवाला आणि भटजी यांनी सुपारी घेताना वयाचा दाखला मागितला तर निम्मे काम तिथेच होते. त्यांच्याइतक्या आधी ही बातमी कोणालाच कळत नाही.

अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे. तलावाकाठचे तंबू, डोंगराच्या पार्श्वभूमीवरची लग्ने आणि फोटो यांचे वेड तिकडे वाढते आहे. मे-जूनमध्ये तिथे काजव्यांचा हंगाम असतो आणि नर-मादी एकमेकांना शोधतात ते त्या लुकलुकीवरच. तिथे मोठे दिवे आणि लेझर लावणे म्हणजे त्यांची लग्ने मोडणे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपास रात्रीची रोषणाई नकोच.

आता पैशाकडे येतो. लग्नापायी शेतकरी बुडतो हे वाक्य आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या आणि ते लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरले. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने जे लिहिले ते आजही विचारात पाडणारे आहे. लग्नकार्याचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे खरे, पण कर्जाचे कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, कारण असे प्रसंग क्वचितच येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मला ते पटते. शेतमालाचा भाव, पाणी आणि व्याज यांचा हिशेब न करता नुसता लग्नावर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. मात्र तेव्हाचा खर्च जेवणाचा आणि दागिन्यांचा होता, आणि दागिना निदान घरात राहत होता. आजच्या खर्चाचा मोठा वाटा एका दिवसाच्या भाड्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले काही उरत नाही. प्री-वेडिंग, हळदीचा वेगळा सेट, संगीत, मुख्य लग्न आणि पुन्हा रिसेप्शन, असे चार-चार मांडव एकाच घरात पडतात. आयोगाचा निष्कर्ष आज जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

साधेपणाचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले नाहीत. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात भटजी नव्हता, अवडंबरही नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्य दुष्काळात होरपळत असताना चिपळूणला एका राज्यमंत्र्यांच्या घरचे थाटाचे लग्न गाजले आणि शरद पवारांनी जाहीर नापसंती दाखवली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. तेव्हा दारात लागलेली लग्ने पाहून लोक म्हणत होते की आता असेच होत राहील. दोन वर्षांत सगळे पूर्वपदावर आले, उलट वाढले. मे २०२५ मधल्या पुण्यातल्या वैष्णवी हगवणे हुंडाबळी प्रकरणानंतर मराठा समाजात हुंड्यावर आणि थाटावर मोठे मंथन झाले. अहिल्यानगरलाही समाजाची बैठक होऊन लग्नाची आचारसंहिता ठरली. मोजकी माणसे, डीजे नको, प्री-वेडिंगचे प्रदर्शन नको, असा तिचा रोख होता. हे पाऊल चांगले आहे. पण नुसत्या आचारसंहितेने माणूस थांबत नाही, कारण लोकांना जे करू नये ते सांगितले जाते आणि त्याच्या जागी काय करावे, कशाने करावे, हे हातात दिले जात नाही.

ते हातात देणारे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या काळात सामुदायिक विवाह सुरू झाले. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत या पद्धतीने तिथे ४२४ लग्ने लागली. राळेगणचे पाणलोटाचे काम सगळ्यांना ठाऊक आहे, या लग्नांकडे मात्र कमी लोकांचे लक्ष गेले. जेवण एकत्र. स्वयंपाक आणि वाढप तरुण मंडळाकडे. भांडी, ध्वनिक्षेपक, मांडव आणि सजावटीचे सामान मंडळाच्या मागासवर्गीय सदस्यांनी विकत घेतलेले. यात दोन गोष्टी घडल्या. खर्च कमी करा असे सांगून गाव थांबले नाही, खर्च कमी करण्याचे साधन गावात उभे राहिले. आणि ज्यांना जुन्या मांडवात मानाने वागवले जात नव्हते, त्यांच्याकडे त्या साधनाची मालकी आली. एकट्या बापाला साधेपणा परवडत नाही. शेजाऱ्याने शंभर पदार्थ ठेवले आणि याने चार, तर लोक काय म्हणतील ही धास्ती त्याला खाते. दहा घरांची लग्ने एका मांडवात लागली की ती धास्तीच उरत नाही.

शासनाची शुभमंगल सामूहिक विवाह योजना आहे. तिच्यात जोडप्यामागे आधी १० हजार रुपये मिळत, पुढे ती रक्कम २५ हजार झाली. उपयोगाची योजना आहे, पण सामुदायिक लग्नाला गरिबांचे लग्न असा शिक्का बसला की सधन घरे तिकडे फिरकत नाहीत, आणि मग गरिबालाही त्यात कमीपणा वाटू लागतो. राळेगणमध्ये तो शिक्का बसला नाही याचे कारण मांडव गावाचा होता. आज ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटांच्या संघाने पाइप, दुहेरी कापड, पाचशे खुर्च्या, स्टीलची ताटे-तांबे आणि पाण्याची टाकी एकदा घेतली, तर दोन-तीन लग्नसराईंत ते सामान भाड्यातून स्वतःची किंमत फेडू शकते. स्टीलची ताटे आली की जेवणानंतर उकिरड्यावर जाणारा पत्रावळी-ग्लासांचा ढीगही कमी होतो. स्थानिक मंडपवाल्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून सामान सांभाळण्याचे आणि उभारण्याचे काम त्यालाच द्यावे. कारागीर तोच राहील आणि त्याला बारमाही काम मिळेल.

शेवटचा भाग सजावटीचा, आणि तो मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यात या जिल्ह्याची शेती आहे. नगर तालुक्यातल्या अकोळनेर, चास, कामरगाव या भागांत फुलशेती मोठी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अकोळनेरची राने शेवंतीने भरलेली असतात. राहाता तालुक्यातली फुलशेती शिर्डीच्या आधाराने उभी राहिली. करोनात साईमंदिरात हार-फुले नेणे बंद झाले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलने केली, आणि न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये हार-फुले पुन्हा सुरू झाली. एका देवळाचा नियम बदलला की शेकडो एकर फुलांचे काय होते, हे तेव्हा दिसले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ॲस्टरच्या 'फुले गणेश' मालिकेतले आणि निशिगंधाचा 'फुले रजनी' हे वाण दिले आहेत. शेत, संशोधन आणि गिऱ्हाईक तिन्ही इथेच आहेत.

तरीही लग्नाच्या स्टेजवर काय असते? प्लॅस्टिकची फुले. ती पुन्हा पुन्हा वापरता येतात, उन्हात मान टाकत नाहीत, म्हणून सजावटवाल्याला सोयीची. दर पाहिला तर त्याचे गणित चुकीचे नाही. पण बाजारात झेंडू कवडीमोल झाल्यावर शेतकरी तो रस्त्याकडेला ओततो आणि त्याच रस्त्यावरच्या लॉनवर प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा लटकत असतात, हे बघवत नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात हा प्रश्न विधानसभेत आला आणि फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी प्लॅस्टिक फुलांवरच्या बंदीची ग्वाही दिली. बंदी येईल तेव्हा येईल. यजमानाला ती आजही स्वतःपुरती घालता येते.

त्यासाठी हंगाम कळायला हवा. शेवंती दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते, म्हणून कार्तिक ते पौष या काळातल्या लग्नांची ती राणी. तेव्हा दुसऱ्या कशाची गरज नाही. वैशाखात तिचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात मोगरा आणि निशिगंध घ्यावा, आणि लग्न गोरजाचे असेल तर निशिगंधाचा वास संध्याकाळी मांडवभर राहतो, त्यासाठी वेगळे काही लावावे लागत नाही. जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड ही पॉलिहाऊसची नाहीतर परगावची फुले. देठाला पाणी आणि अंगाला गारवा नसेल तर दुपारच्या नगरी उन्हात ती तासा-दोन तासांत माना टाकतात. त्यांच्यावर पैसा घालणे व्यर्थ आहे. झेंडू मात्र तिन्ही ऋतूंत साथ देतो. तो पहाटे तोडावा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावा आणि माळा सावलीत ओवाव्यात. ओवताना सुई देठाजवळच्या हिरव्या गाठीतून काढली तर पाकळ्या गळत नाहीत. मधून काढली की दोन तासांत फूल उमलून सुटते. गावातल्या बायका हे काम पिढ्यानपिढ्या हातसफाईने करत आल्या आहेत आणि हारामागे त्यांना मिळणारी मजुरी स्टेजच्या एका दिव्याच्या भाड्याइतकीही नसते. आंब्याची पाने, केळीचे खांब, ज्वारीची कणसे, उसाचे वाढे, ही तर बांधावरची सजावट. केळीचे खांब आणि उसाचे वाढे दुसऱ्या दिवशी जनावरांपुढे टाकता येतात.

रोपे लावल्यापासून झेंडूला फुले यायला साधारण दोन महिने लागतात आणि त्याआधी रोपवाटिकेत महिनाभर जातो. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यातल्या लग्नाचा झेंडू जानेवारीच्या अखेरीला वाफ्यात बी म्हणून पडला पाहिजे. बहुतेक घरांत सुपारी तोवर फुटलेली असते. तिथीचा कागद हातात आला की लॉनवाल्याला इसार देण्याआधी शिवारातल्या फुलवाल्या शेतकऱ्याला गाठावे, किती किलो लागेल ते सांगावे, भाव तेव्हाच ठरवून थोडी उचल द्यावी. त्याला बाजाराचे भय राहत नाही आणि आपल्याला पहाटेच्या दवात तोडलेला ताजा माल मिळतो. एका गावातल्या चार घरांनी मिळून अर्धा एकर झेंडू असा बोलून ठेवला तर सगळ्यांचे मांडव त्यावर निघतात, आणि उरलेली फुले गावच्या मारुतीला जातात.